थुंकीतला पहिला नंबर

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडे होते, आता पलीकडे आहे. कॉलेजात मी शारीरिक शिक्षण शिकवते. म्हणजे मी नुसती शिट्टी वाजवते आणि पगार घेते, अशी आमच्या स्टाफरूमची समजूत आहे. ती खोडून काढायला मी पीएचडीच्या मागे लागले असं कुणी म्हटलं, तर मी भांडायला जाणार नाही. आता भांडायचाही कंटाळा येतो.

विषय घेतला वजनांच्या व्यायामाचा. खेळाडू मुलींनी वजनं उचलली की त्यांच्या शरीरातली संप्रेरकं कशी वरखाली होतात, हे बघायचं. त्यातलं एक टेस्टोस्टेरॉन. ते पुरुषांचं म्हणून प्रसिद्ध असलं तरी बायकांतही थोडं असतं आणि स्नायूंना लागतं. दुसरं कॉर्टिसॉल, जे ताण आला की चढतं. त्या काळात माझंच कॉर्टिसॉल कुणी मोजलं असतं, तर यंत्रानं हात जोडले असते.

रक्त घ्यायचं म्हटलं तर निम्म्या मुली पहिल्याच दिवशी गायब झाल्या असत्या. म्हणून लाळ घ्यायची ठरवली. लाळ हा शब्द प्रबंधातला. बाहेर सगळे थुंकीच म्हणायचे, आणि मला थुंकीवाल्या मॅडम. मुलीनं मान खाली घालायची, एका छोट्या नळीत लाळ ठिबकू द्यायची. व्यायामाआधी एकदा, व्यायाम संपल्या संपल्या एकदा आणि थोडं बसून पुन्हा एकदा. मग नळ्या बर्फाच्या डब्यात, तिथून कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये, तिथून पुण्याच्या लॅबमध्ये. पहिल्याच दिवशी फ्रीजरच्या खोलीची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात राहिली आणि नळ्या आमच्या इंदिरानगरच्या घरी, फ्रीजमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी मुक्कामाला आल्या. सासूबाईंनी मटार कामवाल्या बाईंना देऊन टाकले आणि त्या फ्रीजमधला बर्फ आयुष्यात पुन्हा घेतला नाही.

मुली कबड्डीच्या होत्या. नाशिक रोडकडच्या एका मंडळाचा संघ, पत्र्याच्या हॉलमध्ये सराव करणारा. त्यांचे प्रशिक्षक, ज्यांना सगळ्या नुसतं सर म्हणायच्या, एके काळी स्वतः चांगलं खेळलेले. आता गुडघे गेलेले होते, आवाज शाबूत होता. त्यांनी मला हॉलचा कोपरा दिला, मुली दिल्या आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, तुमच्या थुंकीपायी माझा सराव बुडायला नको."

नमुन्याच्या सकाळचे नियम मी मुलींना पाठ करून घेतले होते. उठल्यापासून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. आणि दात घासायचे नाहीत. यावर सगळ्या खिदळल्या. मी समजावून सांगितलं की ब्रश फिरवला की हिरड्यांतून कधीकधी बारीक रक्त येतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण लाळेपेक्षा रक्तात हे संप्रेरक कितीतरी जास्त असतं, त्यामुळे आकडा उगाच फुगतो. मुलींनी माना डोलावल्या. सांगितलेलं कळलं, या खुणेची ती मान नव्हती हे मला शिक्षिका म्हणून कळायला हवं होतं.

त्या मुलींतच ती होती. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पलीकडच्या मळ्यातली, घरची फुलशेती. थंडीवाऱ्यात उजाडायच्या आत आईबरोबर झेंडू, शेवंती खुडायची, पाट्या टेम्पोत चढवायच्या आणि मग भावाच्या मोटारसायकलवरून सरावाला यायची. बोटांना फुलांचा कडवट वास असायचा. डाव्या कोपऱ्यात खेळायची, पण खेळण्यापेक्षा बाकावर जास्त बसायची. अंगात ताकद होती, मात्र ऐन वेळी पाय मागे घ्यायची. बारावीला दोनदा बसून दोन्ही वेळा गणितात अडकलेली. कुठल्याच यादीत तिचं नाव वरच्या बाजूला कधी आलं नव्हतं, आणि ते तिनं अगदी हसत मान्य केलं होतं.

पहिल्या फेरीचे आकडे आले. प्रत्येकीला स्वतःचा आकडा कळायला हवा, तो तिचा हक्क आहे, असं मी सुरुवातीलाच कबूल केलं होतं. म्हणून एकेकीला वेगवेगळा मेसेज पाठवला. खाली लिहिलं की ही परीक्षा नाही, यात कमीजास्त असं काही नसतं, एकमेकींशी तुलना करू नये. संध्याकाळपर्यंत मुलींनी आपल्या ग्रुपवर सगळे आकडे टाकून गुणवत्ता यादी लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती हॉलच्या दारातच माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, माझा पयला नंबर आला."

"कशात गं?"

"तुमच्याच परीक्षेत की. माझ्यात टेस्टोस्टेरॉन सगळ्यात जास्ती निघालं. दुसऱ्या नंबरवालीपेक्षा लय जास्ती."

मी तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. शाळेत मुलं राष्ट्रगीत संपायची वाट बघत उभी राहतात, तशी ती माझं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिली आणि मग सरांना सांगायला पळाली. दोन दिवसांनी तिची आई आली. डोक्यावर पदर, हातात पेढ्यांचा पुडा. प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवताना सांगत होती, "आमच्या घरात आजवर पयला नंबर कुणाचाच आला नव्हता बाई." आणि काळपट दात दाखवत मोकळं हसत होती. मीही पेढा खाल्ला. काय करणार होते?

सरांनी तिला बाकावरून उठवून पहिल्या सात जणींत घेतलं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, या आकड्यावरून संघ निवडायचा नसतो. तसं शास्त्र नाहीये ते."

सर हसले. "तुम्ही पीएचडी करा, संघ मी काढतो. पोरीत दम आहे, आता तर मशीननंच सांगितलं."

आणि गंमत म्हणजे तिच्यात दम दिसायलाही लागला. पाय मागे घेणं थांबलं. व्यायामात ती सगळ्यांच्या आधी वजनांच्या बारखाली जाऊन उभी राहायची. चुकली तर पूर्वीसारखी हसायची नाही, चिडायची. मला ते बघून बरं वाटायचं आणि माझ्या गाईडना मात्र तो आकडा बघून बरं वाटत नव्हतं. ते फोनवर म्हणाले, "बाकीच्यांपासून फार लांब जातोय हा. काहीतरी गडबड आहे. दुसऱ्या फेरीत नीट बघा, नाहीतर काढून टाका." काढून टाका म्हणायला त्यांना काय जातं, एकेक मुलगी राजी करायला माझ्या चपला झिजल्या होत्या. मी बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

मधल्या आठवड्यांचा वजनांचा व्यायाम संपला आणि दुसरी फेरी आली. त्या सकाळी मी रिक्षा न मिळाल्यामुळे चिडून, बर्फाचा डबा खांद्याला अडकवून, कशीबशी वेळेत पोचले. कॉलेजात परीक्षेचं काम, घरी सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, नवऱ्याचं एकच पालुपद: "अजून किती वर्षं?" मला नुसतं भिंतीला टेकून डोळे मिटायचे होते. मुली ओळीनं आल्या. ती समोर आली, मी नळी तिच्या हातात दिली, आणि माझा हात तिथेच थांबला.

तो वास मी कुठेही ओळखला असता. तव्यावर तंबाखू जळेपर्यंत भाजायची, मग ती कुटून डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांवर घासत बसायचं. मिश्री. माझी आई आयुष्यभर लावत आली. आमच्या घरी मिश्री भाजली की त्या दिवसाच्या भाकरीलाही तो वास यायचा आणि वडील ताटावरून उठून जायचे.

मी तिला हॉलच्या मागे नळाजवळ नेलं. "मिश्री लावतेस?"

ती एकदम लालबुंद झाली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझी आई लावायची."

तेव्हा ती जरा सैल झाली. म्हणाली, घरात सगळ्याच बायका लावतात, आज्जीपासून. फुलं खुडायला जाताना एकदा लावली की दुपारपर्यंत काही लागत नाही. एरवी ती थोडीशीच लावायची. "पण तुमी उपाशी यायला सांगितलं ना मॅडम. पोटात आग पडती. त्या दिवशी चांगली घासून घेतली, भूक मरती तिनं."

"अगं, दात घासू नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"दात कुठं घासले? ब्रशला हातबी नाय लावला."

ती खोटं बोलत नव्हती. सुरुवातीला मुलींकडून भरून घेतलेल्या माझ्या कागदावर व्यसन आहे का, असा रकाना होता. तिथेही तिनं नाही लिहिलं होतं, आणि तेही तिच्या मते खरंच होतं. माझ्या आईला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर तिनं त्याला दारातून हाकललं असतं. हे सगळं मला माहीत असलेलं जग. त्यातूनच मी उठून आले आणि रकाने पाडताना मला ते आठवलं नाही. मी पिशवीतून कापूस काढला आणि तिला हिरडीवर दाबायला सांगितला. कापूस गुलाबी झाला.

ती कापसाकडे बघत राहिली. गणितात दोनदा अडकली असली तरी ती मठ्ठ नव्हती. "म्हंजे माझा नंबर रक्ताचा व्हता?"

"हो."

"खोटा?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात प्रबंध होता, आणि प्रबंध डोक्यात असला की मी माणसांशीही प्रबंधासारखीच बोलते. म्हटलं, "आकडा चुकीचा होता. खरा किती ते तू मिश्री न लावता आलीस तरच कळेल."

तिनं कापूस टाकला आणि नळाखाली हात धुतले. मग म्हणाली, "पण आईनं पेढे वाटले की मॅडम."



त्याच्या पुढच्या रविवारी सामना होता. जिल्ह्याचा संघ त्यातूनच निवडणार होते, आणि जिल्ह्याकडून खेळलं की पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी अर्ज करता येईल, अशी तिच्या घरची आशा होती. ती म्हणाली, "सरांना सांगू नका. सामना हू द्या, मग मीच सांगते. आत्ता सांगितलं तर मला परत बाकावर बसवतील." मी बरं म्हटलं. खरं तर सरांना जाऊन सांगण्याएवढं त्राण माझ्यात उरलेलं नव्हतं. दोन दिवसांनी ती मिश्री न लावता येऊन नमुना देऊन गेली. मिश्रीवाचून तिचं डोकं दुखत होतं.

सामन्याला मी एरवी गेले नसते. रविवार हा माझा झोपायचा एकमेव वार. पण गेले, आणि पहिली काही मिनिटं बघूनच उगाच आले असं वाटलं. डाव्या कोपऱ्याचं काम कबड्डीत धाडसाचं. चढाई करत समोरून येणाऱ्या मुलीचा घोटा झडप घालून धरायचा. धरला तर ती बाद, निसटला तर आपण बाद. ती झडप घालतच नव्हती. पुढे झुकायची, हात निघायचा आणि पाय मागे यायचा. अगदी पूर्वीसारखा. समोरच्या मुली तिच्याच बाजूनं येऊन गुण घेऊन जात होत्या. मी काय मोडलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. मध्यंतराच्या जरा आधी सरांनी तिला बाहेर काढलं.

मध्यंतरात सर लंगडत माझ्याकडे आले. ती माझ्या पुढच्याच बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली. सरांना आवाज हळू करणं कधी जमलंच नाही. "मॅडम, दुसरा आकडा आला का हिचा? उतरला ना? मला वाटलंच. पोरीचा दमच गेलाय."

आकडा सकाळीच आला होता. माझ्या फोनमध्ये होता. अगदी साधा, चारचौघींसारखा. यादी लावली असती तर ती खालच्या अर्ध्यात आली असती.

एवढी वर्षं मी काय केलं होतं? बर्फ जरा वितळला म्हणून नमुने ओतून दिले. कुणी चुकून चहाचा घोट घेतला म्हणून तिची सकाळ फुकट घालवली. एका दशांश चिन्हावरून लॅबशी भांडले. गाईडच्या एका लाल रेघेसाठी पूर्ण प्रकरण पुन्हा लिहिलं. खरं, खरं, आणखी खरं करता करता माझी पाठ गेली, झोप गेली. आणि समोर टॉवेलखाली एक मुलगी माझं उत्तर ऐकायला कान देऊन बसली होती.

"आला," मी म्हटलं. "उतरला कुठला? उलट थोडा वरच गेलाय."

"मग ही अशी का खेळती आहे?"

"ते तुम्ही बघा, सर. आकडा तरी तिचाच वर आहे."

जांभई यावी तितक्या सहज मी खोटं बोलून गेले. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खांदे जरा हलके झाले. टॉवेल बाजूला झाला आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. रक्ताशिवाय आकडा वर जाणार नाही, हे तिला माहीत होतं. मी खोटं बोलले हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघींनाच माहीत होतं. मग तिनं बाटलीतलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली. सरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि तिला आत पाठवलं.

पुढचं सांगताना मी फार रंगवणार नाही, कारण आम्ही तो सामना हरलो. पण तिनं दोन घोटे धरले. दुसरा धरला तेव्हा समोरची मुलगी तिला मॅटवरून फरफटत रेषेपर्यंत घेऊन गेली, तरी हिनं सोडला नाही. निवडीची नावं वाचली त्यात हिचं नाव होतं, शेवटून दुसरं. सर मला म्हणाले, "बघा, शेवटी मशीन खोटं बोलत नाही." मी त्यांना हो म्हटलं आणि रिक्षा शोधायला बाहेर पडले.

प्रबंधातून मी तिला काढलं. दोन्ही फेऱ्यांतून. नमुना दूषित झाल्यामुळे वगळला, एवढं एक वाक्य आहे तिच्याबद्दल, आणि गाईडना ते फार आवडलं. पुढे कुणी हे काम करायला घेतलं तर मिश्रीचं स्पष्ट विचारावं, असंही मी शेवटच्या प्रकरणात सुचवलं आहे. ते कुणी वाचेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या फेरीचे आकडे मी मेसेजवर पाठवले नाहीत. एकेकीला हॉलच्या आतल्या खोलीत बोलावून तोंडी सांगायचं ठरवलं. बाहेर गुणवत्ता यादी लागायला नको. ती आली तेव्हा सराव संपवून आली होती, गुडघ्यावर मॅटनं सोलल्याची खूण होती. खुर्चीत बसली आणि टेबलापर्यंत तो जळका वास आला. मी काही म्हटलं नाही. आईलाही मी कधी काही म्हणू शकले नव्हते.

"तुझा खरा आकडा आला आहे," मी म्हटलं आणि फोन उघडला.

तिनं हात पुढे करून माझ्या फोनवर पालथा ठेवला. बोटांना झेंडूचा वास होता.

"नका सांगू मॅडम," ती म्हणाली. "तुमी सरांना सांगितला ना, तोच राहू द्या माझा."

मी फोन बंद केला. ती उठली, जाताना खुर्ची नीट सरकवून ठेवली. मग मी पुढच्या मुलीला आत बोलावलं.